वसुलीतला वाटा की कामाचा मोबदला? अमेरिकेतील मेडिकल बिलिंगचे दर आणि करार

अमेरिकेत डॉक्टरने रुग्ण तपासला म्हणजे त्याचे पैसे मिळालेच असे होत नाही. निदानाला आयसीडी-१० चा कोड लावायचा, केलेल्या उपचाराला सीपीटीचा, गरज पडली तर त्यावर खुलासा करणारा मॉडिफायर. रुग्णाचा विमा चालू आहे का ते पाहायचे, क्लेम तयार करून तो तपासून पुढे पोचवणाऱ्या क्लिअरिंगहाउसमार्फत विमा कंपनीकडे धाडायचा, तो नाकारला गेला तर कारण शोधून पुन्हा पाठवायचा किंवा अपील करायचे, आलेली रक्कम खात्यात नोंदवायची आणि उरलेली रुग्णाकडे मागायची. हे सगळे डॉक्टरच्या वतीने करणारी ती बिलिंग कंपनी. तिने डॉक्टरकडून किती पैसे घ्यावेत आणि कशाच्या आधारावर घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता साध्या दरपत्रकाचा वाटतो. प्रत्यक्षात गेली तीस-पस्तीस वर्षे त्यावर संघराज्याचे नियामक, राज्यांची विधिमंडळे आणि न्यायालये बोलत आली आहेत आणि त्यांचे अजून एकमत नाही. पुण्यात, नवी मुंबईत रात्रपाळीला बसून अमेरिकन विमा कंपन्यांना फोन लावणाऱ्या हजारो मराठी तरुणांच्या कामाचे मोल याच करारांत ठरते. त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही.

या वादात कोणती पद्धत स्वस्त यावर बरीच शाई खर्च होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. पैसे येण्यातली कोणती जोखीम बिलिंग कंपनीच्या हातात आहे, आणि दर नेमका तिच्याशीच बांधला आहे का? या अंगाने पाहिले तर निरनिराळ्या भूमिकांमधला विरोध बराच निवळतो. जो उरतो तो खरा असतो.

धंदा कसा उभा राहिला

१९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड हे सरकारी विम्याचे कार्यक्रम आले. पुढच्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सीपीटी या उपचारकोडांची पहिली आवृत्ती काढली. तरीही बिलाचे काम बराच काळ दवाखान्यातली एखादी अनुभवी कर्मचारीच करत असे. चित्र बदलले ते १९९० च्या दशकात. घरगुती संगणक आणि मोडेमच्या जोरावर क्लेम घरून पाठवणे शक्य झाले आणि छोट्या बिलिंग सेवांचे पीक आले. ‘घरबसल्या मेडिकल बिलिंग करा’ अशी आमिषे दाखवून सॉफ्टवेअरची पाकिटे विकणाऱ्यांवर फेडरल ट्रेड कमिशनला कारवाया कराव्या लागल्या, इतके ते पीक माजले होते. आरोग्यविम्याचे व्यवहार आणि रुग्णांच्या माहितीची गोपनीयता यांविषयीच्या १९९६ च्या हिपा कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे प्रमाणीकरण सुरू केले. ऑक्टोबर २००३ पासून मेडिकेअरचे क्लेम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच पाठवणे बंधनकारक झाले. दहापेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या डॉक्टरांना सूट होती, पण खासगी विमा कंपन्याही त्याच दिशेने निघाल्यामुळे ती फारशी कामाची राहिली नाही.

टक्केवारीची पद्धत या काळात रुजली. नव्या बिलिंग सेवेकडे पत नव्हती आणि डॉक्टरची आगाऊ पैसे देण्याची तयारी नव्हती. अशा वेळी ‘तुमचे पैसे आले की त्यातला वाटा द्या’ हा प्रस्ताव दोघांनाही सोयीचा होता. १९९७ मध्ये सुरू झालेल्या अथेनाहेल्थसारख्या कंपनीने सॉफ्टवेअरसकट सगळी सेवा वसुलीच्या टक्क्यांत देऊन हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर नेली. आज बाजारात साधारण चार ते दहा टक्के असे आकडे बोलले जातात. मोठ्या गटांना खालचा दर मिळतो, एकट्या डॉक्टरला वरचा. दर या पट्ट्यात रेंगाळला, त्यामागचे काम मात्र वाढत गेले. १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडी-९ जाऊन आयसीडी-१० आले तेव्हा निदानकोडांची संख्या सुमारे चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेली. जास्त वजावटीच्या विमा योजना पसरल्या आणि रुग्णाने स्वतः भरायची रक्कम वाढली. पूर्वसंमती मागणारे उपचारही वाढले. टक्का तोच आणि काम दुप्पट, ही बिलिंग कंपन्यांची तक्रार इथून सुरू होते.

टक्केवारीच्या बाजूने

टक्केवारीचे समर्थक सांगतात ते थोडक्यात असे. डॉक्टरला पैसे मिळाले तरच बिलिंग कंपनीला मिळतात, म्हणून दोघांचे हित एक होते. नवा दवाखाना सुरू करणाऱ्याचे पहिले काही महिने रिकामे जातात आणि त्या काळात खर्चही आपोआप कमी राहतो. उन्हाळ्यात रुग्ण घटले, डॉक्टर दोन महिने रजेवर गेला, तरी हिशेब स्वतःच जुळतो. शिवाय डॉक्टरला क्लेम मोजत बसावे लागत नाहीत, बँकेत जमा झालेली रक्कम पाहिली की कंपनीचे बिल बरोबर आहे की नाही ते कळते. यातला शेवटचा मुद्दा कमी लेखू नये. जी पद्धत ग्राहकाला पाच मिनिटांत तपासता येते तिच्यात भांडणे कमी होतात.

हित एक होते हा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे, म्हणून तो आकड्यांवर घासून पाहायला हवा. एखाद्या डॉक्टरचा चारशे डॉलरचा क्लेम नाकारला गेला असे समजू. अपीलसाठी नोंदी गोळा करणे, पत्र लिहिणे आणि विमा कंपनीच्या फोनवर ताटकळणे मिळून दोन तास लागतील. माणसाचा तासाचा खर्च वीस डॉलर धरला तर कंपनीचे चाळीस डॉलर जातात. दर सहा टक्के असेल तर जिंकल्यावर तिला मिळतात चोवीस. डॉक्टरला मात्र तीनशे शहात्तर मिळायचे असतात. म्हणजे ज्या अपीलमध्ये डॉक्टरचा उघड फायदा आहे, त्यातच कंपनीला सोळा डॉलरचा तोटा आहे. रुग्णाकडच्या पंचवीस डॉलरच्या बाकीचे तर विचारूच नका. त्यातला दीड डॉलरचा वाटा दोन स्टेटमेंट छापून टपालाने पाठवण्यातच संपतो. टक्केवारी दोघांना एका दिशेने चालायला लावते हे खरे, पण कुठे थांबायचे ते दोघांसाठी वेगळे असते.

यावर उत्तर दिले जाते की कंपनी क्लेमागणिक हिशेब करत नाही, ग्राहकाच्या सगळ्या क्लेमांचा सरासरी हिशेब करते. सहज मिळणारे क्लेम अवघड क्लेमांचा खर्च भरून काढतात, आणि जुनी येणी साचू दिली तर ग्राहक सोडून जाईल ही भीती असतेच. हे उत्तर बऱ्याच अंशी मान्य करण्यासारखे आहे. मात्र ते दोन गोष्टी गृहीत धरते. करार करताना कामाचे जे मिश्रण होते ते पुढेही टिकेल, आणि साचलेली येणी डॉक्टरला दिसतील. पहिली गोष्ट कुणाच्याच हातात नसते. दुसरी करारात नियमित अहवालाची अट असेल तरच घडते, तीही किती दिवसांची येणी कोणत्या विमा कंपनीकडे अडकली आहेत इतक्या तपशिलासह.

वैद्यकशाखांमधल्या फरकाची अडचण याहून सोपी आहे आणि तिच्यावर फारसा वादही नाही. नव्वद डॉलरच्या साध्या तपासणीच्या क्लेमवर सहा टक्क्यांनी पाच डॉलर चाळीस सेंट मिळतात, तीन हजार डॉलरच्या शस्त्रक्रियेवर एकशे ऐंशी. शस्त्रक्रियेच्या क्लेमला जास्त काम लागते, पण तेहतीस पट नाही. म्हणून एकाच दराने सगळ्या शाखांना सेवा देणारी कंपनी बालरोगतज्ज्ञावर तोटा खाऊन अस्थिशल्यविशारदावर भरून काढते, आणि ही गोष्ट अस्थिशल्यविशारदाच्या लक्षात आली की तो दर पाडून मागतो.

कायदा कुठे आडवा येतो

टक्केवारीवरचा दुसरा आक्षेप नैतिक आणि कायदेशीर आहे. अडत्याला मालाचा भाव चढण्यात जसा रस असतो तसा टक्केवारीवरच्या बिलिंग कंपनीला बिल फुगण्यात असतो. ही भीती पोकळ नाही. ओक्लाहोमाच्या इमर्जन्सी फिजिशियन बिलिंग सर्व्हिसेस या कंपनीविरुद्ध तातडीच्या उपचारांचे कोड पद्धतशीरपणे चढवून लावल्याचा खटला चालला, आणि १९९८ मध्ये संघीय न्यायालयाने सरकारकडे खोटे क्लेम करण्याविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स कायद्याखाली कंपनीला जबाबदार धरले. क्लेम डॉक्टरच्या नावाने गेला तरी कोड लावणाराही सुटत नाही, हे त्या निकालाने ठसवले.

त्याच वर्षी आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या कार्यालयाने दोन महत्त्वाचे मजकूर काढले. एप्रिलमधल्या सल्लापत्रात नक्त उत्पन्नाच्या टक्क्यांवर व्यवस्थापन आणि जाहिरात करून देणाऱ्या कंपनीच्या प्रस्तावाला संरक्षण नाकारले गेले. डिसेंबरमध्ये खास बिलिंग कंपन्यांसाठी मार्गदर्शिका आली. दोन्हींचा रोख नीट वाचायला हवा. टक्केवारी बेकायदा आहे असे त्यांत कुठेही नाही. तिच्यामुळे चढे कोड लावण्याचा मोह वाढतो, आणि रुग्ण मिळवून देण्याचे काम त्याच टक्केवारीत मिसळले तर लाचविरोधी कायद्याचा प्रश्न उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ग्राहक राजरोस फसवणूक करत असल्याचा विश्वासार्ह पुरावा दिसला तर कंपनीने खोटे क्लेम पाठवणे थांबवावे, करार संपवावा, गरजेप्रमाणे यंत्रणांना कळवावे, असेही मार्गदर्शिका सांगते. त्यामुळे करारात बाहेर पडण्याची वाट ठेवणे हा केवळ व्यापारी शहाणपणाचा भाग उरला नाही.

मेडिकेअरचा नियम आणखी नेमका आहे आणि नेहमी चुकीचा सांगितला जातो. सरकारी पैसा थेट बिलिंग कंपनीच्या हातात येत असेल, तर तिचा मोबदला बिलाच्या वा वसुलीच्या रकमेशी जोडलेला नसावा आणि वसुली झाली की नाही यावर अवलंबून नसावा. पैसा डॉक्टरच्या नावाच्या, त्याच्याच ताब्यातल्या बँक खात्यात जात असेल तर हा नियम टक्केवारीच्या आड येत नाही. मेडिकेडचा नियमही याच धर्तीचा आहे, फक्त त्याचा अर्थ प्रत्येक राज्य कमीअधिक कडकपणे लावते. यातून करारात एक साधे कलम आले: वसुलीचे खाते डॉक्टरचे, कंपनीला फक्त पाहण्याची मुभा. हे कलम नसलेला टक्केवारीचा करार दर कितीही वाजवी असला तरी कच्चाच.

खरी फाटाफूट राज्यांच्या पातळीवर आहे. अनेक राज्यांत डॉक्टरने आपली फी बिगरडॉक्टरशी वाटून घेण्यावर कसली ना कसली बंदी आहे, आणि बिलिंगचा टक्का त्या बंदीत येतो का याची उत्तरे वेगवेगळी मिळतात. न्यूयॉर्कच्या शिक्षण कायद्यात जागा, उपकरणे वा मनुष्यबळाच्या सेवांसाठीचा मोबदला डॉक्टरच्या उत्पन्नाच्या टक्क्यांत देणे गैरवर्तन मानले आहे आणि बिलिंग सेवाही त्यात धरली जाते. त्यामुळे तिथे ठराविक रकमेचे करार करतात. बेकायदा वाटणीचा करार घेऊन कोर्टात आलेल्याला न्यायालये मदत करत नाहीत, म्हणजे बिलिंग कंपनीने काम करूनही पैसे बुडू शकतात. कॅलिफोर्नियाचा कायदा उलट दिशेने जातो. मोबदला रुग्ण पाठवण्याबद्दल नसेल आणि सेवेच्या मोलाशी सुसंगत असेल तर टक्केवारी चालते. इलिनॉयचा प्रवास या दोहोंच्या मधला, आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद आहे. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाइन स्ट्रीट क्लिनिक विरुद्ध हेल्थलिंक या प्रकरणात प्रशासकीय सेवांसाठीची टक्केवारी फीच्या वाटणीत मोडते आणि ठराविक शुल्क मोडत नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर विधिमंडळाने २००९ मध्ये कायद्यात स्पष्टता आणली. बिलिंग आणि वसुलीसाठी टक्केवारी चालेल, पण दर बाजारभावाला धरून असावा, किती फी लावायची हे डॉक्टरच्याच ताब्यात असावे आणि पैसा त्याच्याच खात्यात जावा. वाद टक्क्याचा नसून ताब्याचा आहे, हे इलिनॉयने ओळखले.

ठराविक दर, तासाचा दर आणि मिश्रण

टक्केवारीला पर्याय म्हणून तीन पद्धती पुढे केल्या जातात. प्रत्येक क्लेममागे ठराविक रक्कम ही त्यांतली सर्वांत सरळ. रेडिओलॉजी किंवा प्रयोगशाळेसारख्या मोठ्या संख्येच्या, एकसारख्या कामाला ती शोभते. तिचा दोष असा की क्लेम पाठवला की कंपनीचे पैसे झाले, नकार आल्यावर झटण्याचे कारण उरत नाही. म्हणून अशा करारात एका क्लेमच्या किमतीत काय काय येते ते लिहावे लागते: दुरुस्त करून पुन्हा पाठवलेला क्लेम नवा धरायचा का, दुय्यम विम्याकडे पाठवलेला वेगळा मोजायचा का, अपील त्यात आहे का. ही व्याख्या सैल राहिली तर पहिल्या वर्षाच्या शेवटी भांडण ठरलेलेच.

महिन्याच्या ठराविक रकमेची पद्धत न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी कायद्याच्या रेट्याने आली. आठवड्याला त्याच रुग्णांना त्याच कोडाखाली भेटणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी ती एरवीही सोयीची आहे. तिच्यात एक फट आहे. रक्कम दर तिमाहीला मागच्या वसुलीकडे पाहून बदलत राहिली तर ती वेष पालटलेली टक्केवारीच ठरते, आणि तपासणारा तसे म्हणू शकतो. बदल करायचाच तर तो क्लेमांच्या संख्येवर किंवा लागलेल्या वेळेवर बेतावा आणि वर्षातून एकदाच करावा, हे अधिक सुरक्षित. तासाच्या दरावर फार लिहायला नको. जुनी साचलेली येणी साफ करणे, लेखापरीक्षण, एखाद्या डॉक्टरची विमा कंपन्यांकडे नव्याने नोंदणी अशा सुट्या कामांना तो योग्य आहे, रोजच्या बिलिंगला नाही, कारण त्यात संथ माणसाला जास्त पैसे मिळतात.

चौथा मार्ग मिश्रणाचा: रोजच्या क्लेमांना एक पद्धत, सुरुवातीच्या मांडणीला एकरकमी शुल्क, नोंदणीच्या कामाला प्रति विमा कंपनी दर, जुन्या येण्यांना वेगळा चढा टक्का. याच्यावरचा आक्षेप व्यवहारी आहे. एकट्या डॉक्टरला पाच ओळींचे बिल समजून घ्यायला वेळ नसतो, आणि न समजलेल्या प्रत्येक ओळीत त्याला लबाडी दिसते. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर ओळी कमी करण्यात आहे. दोन ओळी बहुतेकांना पुरतात, एक विमा कंपन्यांकडून आलेल्या पैशावर आणि दुसरी वसुलीशी नाते नसलेल्या कामावर. मिश्रण नकोच म्हणणारे शेवटी हे दुसरे काम फुकट करून घेतात किंवा पहिल्या दरात लपवतात. लपवलेला खर्च ग्राहक बदलतो त्या दिवशी उघडा पडतो.

दराहून मोठी कलमे

दोन करारांत दर सारखाच सहा टक्के असला तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट निघू शकते. फरक पडतो तो सहा टक्के कशावर यात. रुग्णाने दवाखान्याच्या खिडकीवर रोख भरलेला कोपे, म्हणजे त्याच्या वाट्याची ठरलेली रक्कम, त्यात धरायचा का? तो गोळा करायला बिलिंग कंपनीने काहीच केलेले नसते, पण त्याची नोंद आणि ताळमेळ तीच घालते. विमा कंपनीने नंतर परत मागून घेतलेली रक्कम वजा होणार का? विमा कंपनीने डॉक्टरला दरडोई दिलेली ठराविक रक्कम, गुणवत्तेसाठी मिळालेला बोनस, अपघातातल्या वकिलाकडून आलेली तडजोडीची रक्कम यांचे काय? न्याय्य वाटणारी वाट अशी की कंपनीने ज्या पैशावर काम केले तो धरावा, परत गेलेला वजा व्हावा आणि कोपेला कमी दर लावावा किंवा तो वगळावा. सगळेच हे मान्य करत नाहीत. छोट्या कंपन्या म्हणतात की एवढे वर्गीकरण करण्याचा खर्चच त्यातून वाचणाऱ्या पैशाहून जास्त होतो.

औषधांच्या बाबतीत मात्र हा तपशील जीवघेणा ठरतो. कर्करोग किंवा संधिवाताचे डॉक्टर महागडी इंजेक्शने स्वतः विकत घेऊन रुग्णाला देतात. मेडिकेअर त्यासाठी सरासरी विक्रीकिंमत अधिक सहा टक्के देते, आणि अंदाजपत्रकी कपातीनंतर हे सहा प्रत्यक्षात सुमारे ४.३ टक्के उरतात. अशा दवाखान्याने पाच टक्क्यांच्या करारावर सरसकट सही केली तर प्रत्येक इंजेक्शनवर डॉक्टरची सगळी मिळकत बिलिंगमध्ये जाते आणि वर पदरचे घालावे लागते. म्हणून जाणकार या शाखांत औषधांना वेगळा, अगदी छोटा दर ठेवतात किंवा प्रति क्लेम रक्कम घेतात. टक्केवारी सगळीकडे हित जुळवते या दाव्याला याहून स्पष्ट अपवाद मिळणार नाही.

किमान मासिक शुल्काच्या कलमावरही दोन मते आहेत. बिलिंग कंपनीला सॉफ्टवेअर, क्लिअरिंगहाउस आणि माणूस यांचा खर्च रुग्ण आले नाहीत तरी करावा लागतो, म्हणून किमान हवे. डॉक्टर म्हणतो, मग टक्केवारीचा मुख्य गुण गेलाच. नव्या दवाखान्याला पहिले तीन-चार महिने किमानातून सूट देऊन पुढे ते लागू करणे हा मधला मार्ग बऱ्यापैकी रुळला आहे. त्याला कारणही आहे. विमा कंपन्यांकडे डॉक्टरची नोंदणी पूर्ण व्हायलाच काही महिने जातात, आणि त्या काळात पैसे न येण्यात दोघांचाही दोष नसतो.

करार संपण्याचे कलम लिहिताना उत्साह सर्वांत कमी असतो आणि त्यावरून भांडण सर्वांत मोठे होते. आज पाठवलेल्या क्लेमचे पैसे महिना-दीड महिन्याने येतात, नाकारलेल्याचे चार-सहा महिन्यांनी. करार संपला त्या दिवशी वाटेत असलेल्या पैशावर जुन्या कंपनीचा हक्क किती? एक बाजू म्हणते, काम आम्ही केले, वाटा आमचा. दुसरी म्हणते, पाठपुरावा आता नवी कंपनी करणार, मग दोघांना पैसे का द्यायचे? ठराविक मुदत ठेवून, समजा नव्वद दिवस, जुन्या कंपनीने जुने क्लेम पूर्ण निपटावेत आणि त्यावरचा वाटा घ्यावा, नंतरचे काम नव्या कंपनीचे, असा तोडगा बहुतेक करारांत दिसतो. त्याची दुर्बळ बाजू अशी की जाणाऱ्या कंपनीला सोपे पैसे गोळा करून अवघड ते मागे टाकण्याची मुभा मिळते. वेळेच्या मर्यादाही आड येतात. मेडिकेअरचा क्लेम सेवेच्या दिवसापासून एका वर्षात जावा लागतो, पण अनेक खासगी कंपन्यांची मुदत नव्वद किंवा एकशे ऐंशी दिवसांचीच असते. हस्तांतरात दोन महिने गेले तर काही पैसे कायमचे बुडतात. नोंदणी आणि इलेक्ट्रॉनिक जोडण्या हलवण्याची जबाबदारी तारखांसह लिहिणे म्हणूनच गरजेचे आहे.

डेटाच्या बाबतीत मात्र मतभेदाला जागा उरलेली नाही. हिपाखाली बिलिंग कंपनीला डॉक्टरबरोबर रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षिततेचा बिझनेस असोसिएट करार करावाच लागतो. २०१३ च्या नियमांनंतर ती स्वतःही थेट उत्तरदायी आहे, आणि तिचा उपकंत्राटदारही. फी थकली म्हणून डॉक्टरला त्याच्याच रुग्णांच्या नोंदी बंद करणे या नियमांत बसत नाही, असे आरोग्य खात्याने स्पष्ट केले आहे. थकबाकीसाठी व्याज, काम थांबवण्याची नोटीस, आगाऊ ठेव हे मार्ग मोकळे आहेत, नोंदी अडवून धरणे हा मार्ग नाही.

पुण्या-मुंबईचा दुवा

भारतातल्या कंपन्या या साखळीत बहुधा दुसऱ्या पायरीवर येतात. अमेरिकन बिलिंग कंपनी डॉक्टरकडून टक्के घेते आणि चेन्नई, पुणे किंवा नवी मुंबईच्या कंपनीला माणसामागे महिन्याचा अथवा तासाचा दर देते. म्हणजे वसुलीची जोखीम मधल्या कंपनीकडे राहते आणि येण्यांसाठी विमा कंपन्यांना फोन करणाऱ्या आपल्याकडच्या एआर कॉलरचे मोल त्याने पाळीत किती क्लेमांचा पाठपुरावा केला यावर जोखले जाते. वर मांडलेले चारशे डॉलरच्या अपीलचे गणित इथे बदलते. माणसाचा तासाचा खर्च पाच-सहा डॉलर झाला की जे अपील अमेरिकेत तोट्याचे होते ते परवडू लागते. स्वस्त मजूर एवढ्यावर हा मुद्दा संपत नाही. टक्केवारीच्या पद्धतीतली एक उणीव काही अंशी भरून निघते ती इथून. मात्र पाळीच्या संख्येचे लक्ष्य कडक असेल तर अवघड क्लेम इथेही बाजूला पडतो. अमेरिकेच्या बाजूने हरकत गोपनीयतेची आहे. अनेक राज्यांची मेडिकेड खाती काम देशाबाहेर पाठवू देत नाहीत, आणि खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हांटेज योजनांना परदेशी उपकंत्राटांची माहिती सरकारला द्यावी लागते. काम कुठे होते हे डॉक्टरच्या करारात उघड लिहिलेले नसेल तर पुढचा दोष कुणाचा हे ठरवणे अवघड होते.

जे ठरलेले नाही

काही प्रश्न दोन्ही बाजूंच्या चांगल्या युक्तिवादांनंतरही उघडेच आहेत. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस कायदा लागू झाला. विमा जाळ्याबाहेरच्या तातडीच्या उपचारांचे वाद आता लवादाकडे जातात. हे काम वकिलीच्या जवळचे आहे, त्याला शुल्क भरावे लागते आणि निकाल महिन्यांनी येतो. जुन्या करारांत ते बसत नाही आणि नव्यांत त्याचा दर काय असावा यावर एकमत नाही. जिंकलेल्या फरकावर चढा टक्का मागणाऱ्यांना विचारावे लागते की हरलेल्या प्रकरणाचे शुल्क मग कोण भरणार. पूर्वसंमतीचेही तसेच. ते काम क्लेमच्या आधी होते, आणि संमती नाकारली गेली तर क्लेमच तयार होत नाही, म्हणजे टक्का लावायला रक्कमच नाही.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी चेंज हेल्थकेअर या क्लिअरिंगहाउसवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिसरी उणीव दिसली. वर्षाला सुमारे पंधराशे कोटी व्यवहार हाताळणारी ही यंत्रणा बंद पडताच देशभरचे क्लेम अडले. बिलिंग कंपन्यांना दुसऱ्या क्लिअरिंगहाउसकडे जोडण्या करणे, क्लेम पुन्हा पाठवणे, हाताने नोंदी घालणे असे कित्येक पट काम पडले, आणि नेमके तेव्हाच टक्केवारीचे उत्पन्न थांबले. अशा आपत्तीत जोखीम डॉक्टरच्या हातात नव्हती तशी बिलिंग कंपनीच्याही नव्हती. ती कुणी सोसायची हे बहुतेक करारांत लिहिलेले नव्हते. किमान शुल्काच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद सापडत नाही, पण पगार द्यायला पैसे नसलेल्या डॉक्टरकडून त्याच महिन्यांत ते वसूल करायचे कसे, याचे उत्तर त्यात नाही.

सर्वांत नवा प्रश्न यंत्राने लावलेल्या कोडांचा आहे. सॉफ्टवेअर डॉक्टरची टिपणे वाचून कोड सुचवू लागले तसे डॉक्टर विचारू लागले की माणसाचे काम कमी झाले तर टक्का तोच का. कंपन्या म्हणतात की पैसे आणून देण्याचे मोल तेच आहे, साधन आमचे आम्ही बदलले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. दर वसुलीशी बांधला असेल तर कंपनीचे म्हणणे टिकते, कामाशी बांधला असेल तर डॉक्टरचे. जबाबदारीचे कलम याहून अवघड आहे. ओक्लाहोमाच्या निकालात कोड लावणारा माणूस आणि त्याची कंपनी समोर उभी होती. आता सॉफ्टवेअर विकणारी तिसरी कंपनी करारात पक्षकारच नसते, तिच्या अटींत जबाबदारी सहसा परवान्याच्या शुल्कापुरती मर्यादित असते, आणि चुकीच्या क्लेमबद्दल सरकार तिप्पट भरपाई मागू शकते. हा फरक डॉक्टर भरणार, बिलिंग कंपनी भरणार की तिचा व्यावसायिक विमा, हे प्रत्येक करारात आज वेगळे लिहिले जात आहे, आणि अनेक करारांत लिहिलेच जात नाही.